यीस्टचा विनॉक्सिश्वसन प्रयोग: या चुका टाळा

चुन्याची निवळी दुधाळ झाली की ‘विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनशिवाय होणारे श्वसन) सिद्ध झाले’ असे लिहून मोकळे होणारे फार. अहो, ऑक्सिजन असतानाही यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडतेच! निवळी फक्त वायू ओळखते. पात्रात ऑक्सिजन नव्हता, हे मांडणीतूनच दिसायला हवे.

घोटाळा बहुतेक वेळा एकाच जागी होतो. 100 मिलि पाण्यात 5 ग्रॅम ग्लुकोज घालून द्रावण उकळतात, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. इथवर ठीक. मग घाई सुटते. लवकर निवावे म्हणून द्रावण या भांड्यातून त्या भांड्यात ओततात आणि बाहेर घालवलेली हवा पुन्हा आत घेतात. नाहीतर वाफा निघत असतानाच यीस्ट टाकतात. ते जागीच मरते, अर्धा तास वाट पाहूनही बुडबुडा दिसत नाही आणि खापर फुटते यीस्टच्या पुडीवर.

10 मिनिटे उकळा. लगेच, न ढवळता, हवा अडवायला वर द्रव पॅराफिनचा (एक तेलकट द्रव) सेंटीमीटरभर थर द्या. शंकुपात्र गार पाण्यात ठेवून तापमान 35 ते 40 अंश सेल्सिअसवर येऊ द्या. थर्मामीटर वापरा, बोट नको. 1 ग्रॅम सुके यीस्ट उकळून निवलेल्या थोड्या पाण्यात कालवून पिपेटने थराखाली सोडा.

बुचातून वायू निवळीत नेणाऱ्या नळीचे पात्रातले टोक द्रवाच्या वर, दुसरे निवळीत बुडालेले. पात्र गरम असताना बूच लावले, तर निवताना निवळी उलटी आत ओढली जाते. नळीशिवाय घट्ट बूच तर कधीच नको, दाब वाढून ते उडते.

तुलनेसाठी उकळून मारलेल्या यीस्टचे दुसरे पात्र शेजारी हवेच. ते टाळायचे असेल तर प्रयोगच करू नका.

पांढरी साय धरलेली जुनी निवळी फेकून द्या. आणि वायू फार वेळ जाऊ दिला की दुधाळपणा नाहीसा होतो, कारण विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होते. निरीक्षण वेळेत नोंदवा.

वहीतली चूक वेगळीच: ‘अल्कोहोल बनताना 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात.’ नाही. ते दोन्ही ग्लायकोलायसिसमधले, म्हणजे ग्लुकोज तुटण्याच्या पहिल्या टप्प्यातले. पुढच्या, अल्कोहोल बनण्याच्या टप्प्यात एकही एटीपी मिळत नाही. तो असतो एनएडी (ग्लायकोलायसिसला लागणारा सहायक रेणू) मोकळे करण्यासाठी, कारण ते संपले तर ग्लायकोलायसिसच अडते. स्नायूंत हेच काम लॅक्टिक आम्ल बनताना होते, आणि तिथे कार्बन डायऑक्साइड सुटत नाही. म्हणून ‘विनॉक्सिश्वसनात नेहमी कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो’ हे वाक्यही खोडा.