चोरीची बंदूक सापडली, पण हातात कधी येणार?

मोहोळकडच्या वस्तीवरून आमच्या पाहुण्यांची बारा बोअर चोरीला गेली. ती पुढे पोलिसांना सापडलीसुद्धा. पाहुणे लगेच ठाण्यात हजर, "आमचीच हाय की, द्या!" तसं होत नसतं. बंदूक आता मुद्देमाल झालेली असते, आणि ती सोडायची तर कोर्टाचा हुकूम लागतो.

वकिलाकरवी अर्ज करा. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ किंवा ५०३ खाली जातो. जुने लोक अजून आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली ४५१, ४५७ म्हणतात, गोष्ट तीच. सोबत फिर्यादीची प्रत, खरेदीची पावती आणि परवाना. नळीवरचा नंबर परवान्यातल्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. एक आकडा जरी इकडचा तिकडे असला तरी काम अडतं.

खरी गोम परवान्याच्या मुदतीत आहे. बंदूकच जवळ नाही म्हणून आमच्या पाहुण्यांनी नूतनीकरण केलंच नाही, आणि तिथंच गाडं रुतलं. मुदत संपली असेल तर आधी ते उरका: पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात ते आयुक्तालय, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय.

हत्यार तपासणीला प्रयोगशाळेत गेलं असेल तर वेळ लागतो. कोर्ट सुपुर्दनाम्यावर देतं, म्हणजे खटला मिटेपर्यंत विकायची नाही आणि बोलावलं की हजर करायची. ताबा घेताना दस्ता, घोडा नीट बघून पंचनाम्यात लिहून घ्या.