मराठी ई-पुस्तकांचं फ्रीलान्स काम: या चुका टाळा

"फाइल तयारच आहे, तुम्ही फक्त ई-पुस्तक करून द्या." दादर-गिरगावातल्या छोट्या प्रकाशकांकडची कामं बहुधा या वाक्याने सुरू होतात. पहिली चूकही इथेच होते: फाइल न उघडताच दर सांगितला जातो. उघडल्यावर आत पेजमेकर हे पानं मांडण्याचं जुनं सॉफ्टवेअर आणि कुठला तरी युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी आजची पद्धत येण्याआधीचा, फॉन्ट निघतो. या जुन्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट काढून घेतला की पान म्हणजे नुसती रोमन अक्षरांची रांगोळी. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाचा युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. पहिली वेलांटी आणि रफार हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि मजकुरात खरीखुरी इंग्रजी वाक्यं असतील तर त्यांचंही अगम्य देवनागरी होतं.

म्हणून आधी फॉन्टचं नाव विचारा. मग चार-पाच पानं बदलून बघा. सोपी नकोत, तळटीपा, कविता, इंग्रजी अवतरणं असलेली निवडा. दर त्यानंतर सांगा. फक्त पीडीएफ हातात आली तर मूळ फाइलसाठी हट्ट धरा, कारण पीडीएफमधून कॉपी केलेली जोडाक्षरं अनेकदा फुटतात.

यापेक्षा फसव्या चुका डोळ्यांना दिसत नाहीत. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर यांच्याइतकं अंतर आहे, पण रूपांतरात दुसऱ्याचा पहिला होतो आणि स्पेलचेकरला दोन्ही शब्द मान्य असतात. 'दऱ्या'मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा जोडक टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधताना मात्र वेगळे. 'ॲ'चंही तेच. त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या मजकुरात 'अ'वर चंद्र देऊन तो लिहिलेला सापडतो. वाचक 'ॲडमिरल' शोधतो आणि पुस्तकात शब्द असूनही काहीच हाती लागत नाही. एक रूप ठरवा आणि पूर्ण मजकुरात बदला, तेही प्रूफ वाचण्याआधी.

ई-पबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकाच्या फाइलमध्ये, भाषा मराठी अशी नोंदवलेली आहे ना, तेही बघा. ती हिंदी राहिली किंवा रिकामी सुटली तर गूगलच्या नोटोसारखा फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे दाखवतो. मराठीचे ल-श कसे असावेत हे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ठरवून दिलं आहे. प्रकाशकाला कारण सांगता येत नाही, पण पान परकं वाटतं एवढं त्याला नक्की जाणवतं. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते. मजकुराला काळा रंग सक्तीने देऊ नका, रात्रीच्या मोडमध्ये तो गडप होतो. आणि तपासणी तुमच्या मोठ्या मॉनिटरवर नको. स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्या, अक्षर मोठं करा आणि लोकलमध्ये उभ्याने वाचून बघा.

जुनी पुस्तकं स्कॅन करून मजकूर काढण्याचं काम हल्ली वाढलं आहे. यंत्र ध-घ, भ-म, थ-य यांत गोंधळतं, ते वाचून दुरुस्त होतं. खरी पंचाईत शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरें' असंच छापलेलं असतं. आजचा स्पेलचेकर हे सगळं चूक समजून लाल करतो आणि घाईतला माणूस 'सर्व बदला' दाबतो. एका दाबात लेखकाच्या काळाची लकब पुसली जाते. उलट जुनं तसंच ठेवलं तर आजचा वाचक 'नाही' शोधेल तेव्हा 'नाहीं' त्याला सापडेलच असं नाही. माझं मत जुनं ठेवण्याच्या बाजूचं आहे, निदान ललित लेखनात. पण हा निर्णय तुमचा एकट्याचा नाही. प्रकाशकाकडून लेखी घ्या आणि पुस्तकाच्या सुरुवातीला तशी टीप द्या.

जावजी दादाजींनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं नाव सुबक टाइपाइतकंच शुद्ध पाठासाठी होतं. खिळे जुळवणारे हात वेगळे आणि पाठ तपासणारे वासुदेवशास्त्री पणशीकरांसारखे पंडित वेगळे. आता जुळणी, मुद्रितशोधन, पानांची मांडणी आणि ऑनलाइन दुकानात चढवणं हे सगळं एका फ्रीलान्सरच्या लॅपटॉपवर येऊन पडलंय. बिल मात्र 'कन्व्हर्जन'चं, पानामागे अमुक रुपये. मुद्रितशोधनाची ओळ कोटेशनमध्ये वेगळी लिहा. ती परवडत नाही म्हणून प्रकाशकाने काढली तर 'मुद्रितशोधन प्रकाशकाकडे' असंही लिहा, म्हणजे पुढे चूक निघाली तर बोलणी तुम्हाला खावी लागणार नाहीत.

हक्कांबाबत एकच सांगतो. लेखकाच्या निधनाला ६० वर्षं झाली म्हणजे अख्खं पुस्तक मोकळं झालं असं नव्हे. प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठावरचं चित्र यांचे धनी वेगळे असतात. जुन्या करारात ई-पुस्तकाचा उल्लेख नसेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी संमती प्रकाशकाने घेतली आहे ना, हे विचारा.

पैशांचं थोडक्यात. काही रक्कम आगाऊ घ्या. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, ती काम घेण्याआधीच करा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. नुसता हा उल्लेख बिलाच्या तळाशी असला तरी "पुढच्या महिन्यात बघू" जरा कमी ऐकू येतं. राज्याचा व्यवसाय कर, वर्षाला २,५०० रुपये, स्वतंत्र व्यावसायिकालाही लागतो. तो विसरणारे पुष्कळ.

काम सोपवताना ई-पबबरोबर शुद्ध केलेला युनिकोड मजकूरही द्यायचा का, हे आधीच ठरवा आणि त्याचा दर वेगळा लावा. दुसऱ्या आवृत्तीला प्रकाशक तोच मागतो. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या दरात धरा आणि तिसरीचे पैसे किती, हे कोटेशनमध्येच लिहा. लेखकाला नव्या मजकुराची आठवण बहुतेक वेळा तिसऱ्या फेरीतच येते.