साल काळी पडेपर्यंत थांबा: कॅरिबियन पद्धतीची तळलेली केळी

फळांच्या टोपलीतल्या केळ्याची साल काळी पडली की आपला हात आपोआप ते बाजूला काढतो. क्यूबा, पोर्तो रिको, जमैका इथल्या स्वयंपाकघरांत नेमकी त्याच दिवसाची वाट बघतात. तिथली गोड तळलेली केळी, स्पॅनिशमध्ये ‘मादुरोस’, म्हणजे ‘पिकलेली’, काळ्या सालीच्या केळ्यांचीच उत्तम होतात. त्यात साखर घालत नाहीत, पिठात घोळवत नाहीत. केळं, तेल आणि चिमूटभर मीठ, एवढंच. म्हणून केळं कुठलं घेतलं आणि किती दिवस थांबलात, यावरच सगळं ठरतं.

आधी केळ्याबद्दल. तिकडचं ‘प्लँटेन’ लांब, जाड सालीचं, कडांना धार असलेलं आणि पिठूळ असतं. आपल्याकडे याच कुळातली केळी म्हणजे वसईची राजेळी, ज्यांची सुकेळी करतात, आणि केरळची नेंद्रन. मुंबईत माटुंग्याला किंवा कुठल्याही केरळी दुकानात नेंद्रन मिळतात. वेलची, बसराई किंवा जळगावकडची ग्रँड नैन यासाठी घेऊ नका. मी पहिल्यांदा पिकलेली वेलची घेतली होती. काप उलटायला गेले तर नुसता लगदा तव्याला चिकटून राहिला. परदेशात राहणाऱ्यांना कॅरिबियन किंवा लॅटिन अमेरिकी वाणसामानाच्या दुकानात प्लँटेन सहज मिळेल.

तसं पाहिलं तर केळं कॅरिबियनचं मूळचं नाहीच. ते आपल्या आणि आग्नेय आशियाच्या बाजूचं. तोमास दे बेर्लांगा नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने १५१६ मध्ये कॅनरी बेटांवरून केळीची रोपं हिस्पानिओला बेटावर नेल्याची नोंद आहे. आज त्याच बेटावर हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत, आणि दोन्हीकडे केळ्याशिवाय ताट पुरं होत नाही.

गोड काप: मादुरोस

चौघांना तोंडी लावायला दोन मोठी केळी पुरतात. हिरवी आणली असतील तर कागदात गुंडाळून, आंब्याची आढी घालतो तशी, कोरड्या जागी ठेवा. हवेप्रमाणे आठवडा ते दोन आठवडे लागतात. फ्रिजमध्ये टाकू नका, पिकणं तिथेच थांबतं. या दिवसांत आतल्या स्टार्चची साखर होत जाते. साल पिवळी आणि वर काळे ठिपके असले तरी काप होतात, पण गोडी बेताची. साल जवळजवळ पूर्ण काळी आणि बोटाने दाबलं तर केळं पिकल्या हापूसइतकं मऊ लागलं, की वेळ झाली. पाणी सुटलं असेल, बुरशी दिसत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर मात्र ते टाकून द्या.

दोन्ही टोकं कापा, सालीला उभा छेद द्या, साल काढा. गर तिरका धरून बोटभर जाडीचे लांबट काप करा. पातळ काप करायचा मोह होतो, पण ते जळतात आणि आतला मऊपणा जातो.

पसरट तव्यात किंवा फ्राय पॅनमध्ये अर्धा सेंटिमीटर उंचीएवढं सूर्यफुलाचं किंवा दुसरं वासाचं नसलेलं तेल मध्यम तापवा. धूर येता कामा नये. काप एकमेकांना न चिकटतील असे सोडा आणि आच थोडी मंद करा. इथे घाई केली की सगळं बिघडतं: आतली साखर भराभर करपते, बाहेरून काळं आणि मधे कच्चट राहतं. दोन-तीन मिनिटांत कडा तांबूस होऊन तेलात बारीक बुडबुडे दिसू लागले की उलथन्याने हलकेच उलटा. दुसरी बाजूही तेवढीच. रंग गडद गुळासारखा आणि कडेला किंचित चिकट, चकचकीत थर आला की काढा. वरून मिठाचे चार कण. त्या मिठाने गोडी उठून येते, ते वगळू नका.

क्यूबात हे काप काळ्या घेवड्याच्या डाळीसारख्या रश्शाबरोबर आणि भाताबरोबर वाढतात. जमैकात सकाळी अकी नावाच्या, भाजीसारख्या शिजवलेल्या फळाबरोबर आणि खारवलेल्या माशाबरोबर. आपल्या साध्या वरणभाताशेजारीही ते छान लागतात.

खारे, कुरकुरीत: तोस्तोनेस

तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्याच्या चेपून दोनदा तळलेल्या चकत्या. यासाठी त्याच जातीची पूर्ण हिरवी, टणक केळी हवीत. भाजीची कच्ची केळीही चालतात. सोलण्याआधी फणसाला लावतो तसं हाताला आणि सुरीला तेल लावा, कारण चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. पोर्तो रिकोत अस्सल तिथल्या माणसाबद्दल म्हणतात की त्याच्या अंगावर ‘केळीचा डाग’ आहे. देश सोडून कुठेही गेला तरी तो पुसला जात नाही.

धारेवर उभे छेद देऊन साल अंगठ्याने उचकटा. दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचे गोल तुकडे करा. मध्यम तेलात तीन-चार मिनिटं तळा, फिकट पिवळे आणि मऊ होईपर्यंतच; तांबूस होऊ देऊ नका. काढून गरम असतानाच चेपा. तिकडे यासाठी लाकडी तोस्तोनेरा असतो. आपला पुरीचा साचा प्लास्टिक लावून वापरता येतो, फक्त पूर्ण दाबू नका. अर्धा सेंटिमीटर जाडी राहिली पाहिजे. गार झाले की चेपताना चिरफळ्या होतात.

आता वाटीभर पाण्यात मीठ आणि ठेचलेला लसूण घालून चकत्या क्षणभर बुडवा आणि कापडावर नीट टिपून घ्या, नाहीतर तेल अंगावर उडेल. तेल पहिल्यापेक्षा जास्त तापवून दुसऱ्यांदा तळा. दोन-तीन मिनिटांत सोनेरी आणि कुरकुरीत होतात.

सोबत मोहो, म्हणजे लसणाचं आंबट तोंडीलावणं, करा: चार लसूण पाकळ्या मिठाबरोबर ठेचा, त्यावर दोन चमचे गरम तेल ओता, मग लिंबू आणि संत्र्याचा रस. तिकडे आंबट संत्रं वापरतात, ते आपल्याकडे सहसा मिळत नाही, म्हणून हे मिश्रण. हैतीत याच चकत्यांना ‘बनान पेझे’, म्हणजे चेपलेली केळी, म्हणतात आणि कोबी-गाजराच्या झणझणीत पिकलीझ लोणच्याबरोबर खातात.

तोस्तोनेस गार झाल्यावर चिवट होतात, म्हणून पाहुणे ताटावर बसल्यावरच दुसरं तळण घ्या. पहिलं तळण आणि चेपणं आदल्या दिवशी उरकून, चकत्या सुट्या पसरून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. त्या थेट गरम तेलात सोडायच्या, मात्र वर बर्फाचे कण असतील तर आधी झटकून घ्या.