मिसइन्फर्मेशनचं मलय भाषांतर कसं करायचं (आणि उलट कसं)

इंग्लिशमधून मलय करताना मिसइन्फर्मेशन दिसलं की बरेच जण थेट 'बरिता पाल्सू' लिहून मोकळे होतात. प्लीज तसं करू नका, बरिता पाल्सू म्हणजे फेक न्यूज आणि तो अख्खा वेगळा आरोप आहे.

मिसइन्फर्मेशन म्हणजे फक्त चुकीची माहिती, पसरवणाऱ्याच्या मनात पाप असो नसो. मुद्दाम पसरवली तर डिसइन्फर्मेशन. मलयमध्ये पहिला पर्याय 'मकलुमत सालाह'. मकलुमत म्हणजे माहिती, मूळ अरबी, म्हणजे आपल्या 'मालूम'चा भाऊबंदच, आणि सालाह म्हणजे चूक, हिंदीतला सल्ल्यावाला सलाह नाही हां. विशेषण नामानंतर येतं म्हणून हा क्रम. 'सालाह मकलुमत' असं उलटंही लिहिलेलं सापडतं, सालाह फाहाम म्हणजे गैरसमज तशा धर्तीवर, पण मला वाक्यात 'मकलुमत यांग सालाह' जास्त सरळ वाटतं. अनेकवचनासाठी मकलुमत-मकलुमत अशी डबल करायची गरज नाही. 'तिला मिसइन्फॉर्म केलं होतं' असलं वाक्य आलं तर शब्दाला शब्द शोधत बसू नका, तिला चुकीची माहिती मिळाली असं लिहा: दिया मंदापत मकलुमत यांग सालाह.

आता पाल्सू. हा शब्द खोट्या नोटा, बनावट पासपोर्ट यांना लागतो, म्हणजे कोणीतरी बसून बनवलंय असा अर्थ त्यात येतो. एखाद्या काकूंनी गरम पाण्याने कोरोना जातो हे काळजीपोटी फॉरवर्ड केलं तर ते मकलुमत सालाह, आणि मंत्र्याच्या सहीचं बनावट पत्र फिरत असेल तर ते पाल्सू. इथे चूक झाली तर साध्या माणसाला तुम्ही खोटारडा ठरवता, म्हणून हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. डिसइन्फर्मेशनला 'डिसइन्फर्मासी' चालतं, पण सामान्य वाचक असेल तर 'मुद्दाम' हे सांगणारा 'दिसंगाजाकान' सोबत जोडा.

कायद्याची नावं मात्र स्वतः भाषांतरित करू नका. मलेशियाने 2018 मध्ये फेक न्यूजविरोधी कायदा केला आणि 2019 मध्ये संसदेने तो रद्द केला, त्याच्या इंग्लिश नावात 'फेक' आहे पण मलय नावात 'बरिता तिदाक बनार', म्हणजे खरी नसलेली बातमी, पाल्सू नाहीच. जे अधिकृत नाव आहे तेच उचला.

उलट दिशेला, मलयमधून इंग्लिश करताना, सगळ्याला मिसइन्फर्मेशन म्हणायचा मोह होतो. 'खबर आंगिन' म्हणजे शब्दशः वाऱ्याची खबर, ती रूमर. 'फितनाह' राजकारणाच्या बातम्यांत सारखं येतं, त्यात कोणावर तरी खोटा आळ घेतलेला असतो म्हणून स्लँडर किंवा फॉल्स अ‍ॅक्युजेशन. 'तुलार' म्हणजे नुसतं व्हायरल, ते खरंही असू शकतं.

आणि मशीनने केलेलं भाषांतर असेल तर त्यात इंडोनेशियन घुसलंय का नक्की बघा. इंडोनेशियात मकलुमत म्हणजे जाहीरनामा, माहितीला ते इन्फर्मासी म्हणतात आणि खोट्या बातमीला सर्रास होआक्स. शंका आली तर देवान बहासा दान पुस्ताका या मलेशियाच्या भाषासंस्थेचा ऑनलाइन कोश उघडा, आणि रोजची वाक्यरचना बघायला 2017 पासून चालू असलेलं तिथलं सरकारी फॅक्टचेक पोर्टल 'सबनारन्या' चाळा.