सातारच्या गादीची लंडनमधली पत्रकं : वाचताना या चुका टाळा

कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांना सप्टेंबर १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं आणि त्यांचे धाकटे बंधू शहाजी यांना गादीवर बसवलं. प्रतापसिंहांची बाजू मांडायला त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला गेले. १८५३ पर्यंत तिथे झगडले. अर्ज, निवेदनं, भाषणांच्या पुस्तिका छापून वाटत राहिले. हा आपला फार मोलाचा ऐवज आहे, म्हणूनच तो नीट वाचायला हवा.

ही पत्रकं शोधताना आजचं इंग्रजी स्पेलिंग वापरू नका. ‘सातारा’त दोन ‘टी’ घाला, ‘रंगो’त ‘ए’ऐवजी ‘यू’.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दोन वेगळे दावे एकत्र करणं. ऑक्टोबर १८४७ पर्यंत मागणी खुद्द महाराजांसाठी होती. गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधलं, देशी फौजी अधिकाऱ्यांना फितवलं, असे त्यांच्यावर आरोप होते. त्यांना उत्तर देण्याची उघड संधीच दिली नाही, हा पत्रकांचा मुख्य मुद्दा. महाराज काशीत वारले आणि दावा दत्तकपुत्र शाहूंचा झाला. एप्रिल १८४८ मध्ये शहाजीही गेले. मरणापूर्वी त्यांनी व्यंकोजींना दत्तक घेतलं होतं. कंपनीने दोन्ही दत्तकं नाकारून राज्य खालसा केलं. कंपनीने प्रतापसिंहांना राज्य देताना केलेला १८१९ चा तह दोन्ही वेळी पुढे केला जातो, पण आधी वाद तहभंगाचा, नंतर ‘वारस’ म्हणजे दत्तकही का, याचा. म्हणून १८४१ चं पत्रक दत्तकाच्या बाजूने पुरावा म्हणून देऊ नका. आधी मुखपृष्ठावरचं साल बघा.

सगळे इंग्रज एका बाजूला होते असंही धरून चालू नका. पार्लमेंटमध्ये जोसेफ ह्यूम, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जॉर्ज थॉम्पसन महाराजांसाठी बोलले. साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, राहिलेले जनरल ब्रिग्ज त्यांच्याच बाजूचे. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांनी तर राज्य खालसा करायलाच विरोध केला होता.

रंगो बापूजींचा मुलगा सीताराम १८५७ मध्ये फासावर गेला, ते स्वतः बेपत्ता झाले. हे ठाऊक असल्यामुळे आपण १८४० च्या दशकातल्या अर्जांत बंडाची भाषा शोधतो. ती तिथे नाही. तिथे तहाचं कलम आहे, न्यायाची मागणी आहे.

आणि पत्रकात रेसिडेंटच्या पत्रातला उतारा दिसला, तर पार्लमेंटने छापलेल्या कागदपत्रांत ते पत्र पूर्ण वाचा. दोन्ही पक्ष सोयीच्या ओळीच उचलत होते.