पंप चालू होता, दम जात नव्हता

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराला 22 पायऱ्या. मागच्या उन्हाळ्यात बाराव्या पायरीलाच धाप लागायची, रात्री छातीत शिट्टी वाजायची. वय झालं म्हणत दोन महिने काढले, ते चुकलंच.

छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री केली. नळीत जोरात फुंकलं, औषध घेतलं, 15 मिनिटांनी पुन्हा फुंकलं. आकडा बराच सुधारला, म्हणजे दमा. पंप, म्हणजे तोंडानं औषध ओढायचा इनहेलर, सुरू झाला, पण फरक पडेना. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, "काका, पंप घेऊन दाखवा बरं." औषध सगळं जिभेवरच! त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला बसवायची पोकळ नळी, लावायला दिला. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, एकदाच दाबून सावकाश खोल ओढायचा, 10 आकडे रोखायचा. माझ्या रोजच्या पंपात स्टिरॉइड आहे, म्हणून नंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात बुरशी धरते. बरं वाटलं तरी हा पंप मनानं बंद करायचा नाही.

दुसरं कारण उशाशीच होतं. कूलरला गेल्या सालच्याच ताट्या, हात लावला तर काळी बुरशी बोटाला. मुलानं नव्या बसवल्या, टाकी घासली. त्याच आठवड्यात रात्रीचा खोकला उतरला.

धाप लागली की आता बसतो, नाकानं श्वास घेतो, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडतो. पण वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडले किंवा छातीत दुखलं, तर 108 ला फोन, असं घरी सगळ्यांना सांगून ठेवलंय. पायऱ्या आता एका दमात होतात, पिशवी हातात असली तरी.