मुलाखतीतील पहिली दोन मिनिटे कशी सांभाळावीत

नोकरीच्या मुलाखतीत पहिली छाप कशी पाडावी, यावर मिळणारा सल्ला बहुधा कपडे, हस्तांदोलन आणि नजरेला नजर देणे यांपुढे जात नाही. गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांसाठी आणि पणजीतील कार्यालयांसाठी उमेदवार निवडणाऱ्या पॅनेलवर मी बरीच वर्षे बसत आलो आहे. केवळ इस्त्रीच्या शर्टामुळे कोणाची निवड झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. परंतु "स्वतःविषयी थोडे सांगा" या पहिल्याच प्रश्नावर गुणी मुलेमुली अडखळताना मात्र मी वारंवार पाहतो आणि दर वेळी मला वाईट वाटते, कारण हा प्रश्न येणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते. म्हणून या लेखाचा मोठा भाग मी त्या एका प्रश्नासाठी राखून ठेवला आहे.

प्रमाणपत्रे, झेरॉक्स प्रती, बायोडेटा आणि स्वच्छ कपडे यांची तयारी तुम्ही केलेली आहे, असे मी गृहीत धरतो.

वेळेवर पोहोचा. पणजी-मडगाव विनाथांबा शटल वेर्ण्याला थांबत नाही, त्यामुळे वाटेत थांबे घेणारी बस पकडावी लागते, आणि हमरस्त्यावर उतरल्यानंतर वसाहतीच्या आतील कारखान्याच्या गेटपर्यंत बरेच अंतर उरते, हे लक्षात घेऊन घरून निघा. पणजीतील पाटो भागातील कार्यालये कदंब बसस्थानकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहेत. पावसाळ्यात कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोज्यांचा एक कोरडा जोड जवळ बाळगा आणि रेनकोट गेटवरच उतरवा.

गेटवरील सुरक्षारक्षकाच्या नोंदवहीत नाव, वेळ आणि कोणाला भेटायचे आहे ते सुवाच्य अक्षरांत लिहा. औषधनिर्मितीच्या कारखान्यात लेखी नोंदीला फार महत्त्व असते. जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही, असे तेथे मानतात. खोलीत शिरल्यावर नमस्कार करा आणि बसायला सांगितले की बसा. समोरच्याने हात पुढे केला तरच हात मिळवा.

आता त्या प्रश्नाकडे वळू.

काही प्रशिक्षक एका प्रयोगाचा दाखला देतात. प्रिन्स्टन विद्यापीठातील जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, एखादा चेहरा सेकंदाचा केवळ दहावा हिस्सा दिसला तरी माणसे त्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवतात आणि अधिक वेळ मिळाल्यावर ते मत फारसे न बदलता त्याविषयीची खात्री तेवढी वाढते. एवढ्या आधारावर आरशासमोर हसण्याचा सराव करायला सांगणे मला पटत नाही. त्या प्रयोगातील लोकांसमोर अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे होती आणि छायाचित्राला बोलता येत नाही. तुम्हाला बोलता येते, आणि पॅनेलवरची माणसे तुमच्या चेहऱ्यावरून काही ठरवू लागली असतील तर ते मत बदलण्याची पहिली संधी या उत्तरातच असते.

उमेदवारांची अडचण अशी होते, की ते पाठ केलेले इंग्रजी निबंधवजा उत्तर म्हणू लागतात. नाव, वडिलांचा व्यवसाय, दहावीची टक्केवारी, बारावीची टक्केवारी, छंद आणि शेवटी आपण मेहनती व प्रामाणिक असल्याची ग्वाही. यातील अर्ध्या गोष्टी आमच्या समोरच्या बायोडेटावर असतात आणि उरलेल्या अर्ध्या आधीच्या उमेदवाराने त्याच शब्दांत सांगितलेल्या असतात. मी कधी कधी तिसऱ्या वाक्यानंतर मध्येच एखादा साधा प्रश्न विचारतो. पाठांतर केलेला उमेदवार त्याचे उत्तर देतो आणि मग पुन्हा "माय नेम इज" पासून सुरुवात करतो. त्या क्षणी त्याच्याविषयी जे मत बनते ते पुढच्या वीस मिनिटांत पुसणे त्याला फार कठीण जाते.

माझा आग्रह असा आहे, की उत्तरात तीनच गोष्टी असाव्यात: तुम्ही आता काय करता किंवा काय शिकलात, स्वतःच्या हाताने नीट पार पाडलेले एक काम, आणि त्या कामाचा या जागेशी असलेला संबंध. यांपैकी दुसऱ्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त वेळ द्या. ते काम लहान असले तरी चालते, मात्र त्याचे तपशील खरे आणि तुमच्या बोटांच्या टोकावर असले पाहिजेत.

एक उदाहरण देतो. गुणवत्ता नियंत्रण विभागातील प्रशिक्षणार्थी जागेसाठी सत्तरी तालुक्यातून रसायनशास्त्राची एक पदवीधर मुलगी आली होती. तिला अनुभव काहीच नव्हता. तिने सांगितले, की महाविद्यालयात टायट्रेशन (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने मिसळून प्रमाण मोजण्याचा प्रयोग) करताना दोन वाचनांत ०.१ मिलीलिटरपेक्षा जास्त फरक आला तर ती वाचन पुन्हा घेत असे; फिकट गुलाबी रंग दिसू लागला की बुरेट या मोजनळीतून एकेक थेंबच सोडत असे; आणि चुकलेले वाचन खोडरबराने न पुसता त्यावर एकच रेघ मारून बाजूला नवे लिहीत असे. एवढे ऐकल्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी बायोडेटा बाजूला ठेवला आणि ते तिच्याशी कामाविषयी बोलू लागले. तिने "मी काटेकोर आहे" असे एकदाही म्हटले नव्हते. हॉटेलच्या फ्रंट ऑफिससाठी जाणाऱ्याने अशाच प्रकारे डिसेंबरच्या गर्दीत खोली तयार नसताना आलेल्या पाहुण्याला कोठे बसवले, काय सांगितले आणि हाउसकीपिंगला कोणी कळवले, हे क्रमाने सांगावे.

हे उत्तर शब्दशः लिहून पाठ करू नका. कागदावर केवळ पाच-सहा शब्दांचे मुद्दे लिहा आणि घरातल्या वेगवेगळ्या माणसांना ते वेगवेगळ्या वाक्यांत सांगून पाहा. आईला किंवा काकांना, ज्यांना त्या विषयातले काही कळत नाही त्यांना ते समजले, तर उत्तर जमले असे समजावे. घड्याळ लावून दीड मिनिटाच्या आत संपवा.

आपल्या गोव्यात या प्रश्नाचे आणखी एक रूप आहे आणि त्याविषयी कोणी सावध करत नाही. पॅनेलवरचे ज्येष्ठ गृहस्थ बायोडेटावरील आडनाव पाहून "तुमी खंयचे?" (तुम्ही कुठले?) असे कोकणीत सहज विचारतात. उमेदवाराला वाटते, की ही नुसती ओळखीपाळखीची चौकशी आहे. कोणी एका शब्दात गाव सांगून गप्प बसतो, तर कोणी आपल्या वाड्यावरील मोठ्या माणसांची नावे घेऊ लागतो. आमदाराचे किंवा पंचाचे नाव घेणे हा तर स्वतःचे नुकसान करून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे, कारण त्यानंतर तुमच्या कामाविषयी बोललेले काहीही ऐकणाऱ्याच्या मनात सरळ उतरत नाही. कारखान्याच्या मुलाखतीत या प्रश्नामागे बहुधा व्यवहाराची शंका असते: हा मुलगा पहिल्या पाळीला वेळेवर पोहोचेल का? तेव्हा उत्तर असे द्यावे: "मी मये गावचा. डिचोलीच्या आयटीआयमधून फिटरचा कोर्स केला आहे. पहिल्या पाळीसाठी बसची वेळ जुळत नाही, म्हणून मी दुचाकीने येईन." गाव, शिक्षण आणि पाळीची सोय असे तिन्ही मुद्दे त्यात येतात आणि संभाषण कामाकडे वळते.

भाषेविषयी माझे मत ठाम आहे. ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत उत्तर द्या. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते हे मी जाणतो, कारण मलाही हाच भाग सर्वांत जड गेला होता. लहान, पूर्ण वाक्ये बोला. तांत्रिक गोष्ट इंग्रजीत नीट सांगता येत नसेल तर "हे मी कोकणीत सांगितले तर चालेल का?" असे विचारून परवानगी घ्या, अर्धवट इंग्रजीपेक्षा स्पष्ट कोकणी किंवा मराठी केव्हाही बरी. सरकारी पदांच्या जाहिरातींत तर कोकणीचे ज्ञान आवश्यक आणि मराठीचे ज्ञान इष्ट असल्याचे लिहिलेले असते, तेव्हा तेथे या भाषांत बोलण्याचा संकोच बाळगण्याचे कारणच नाही.

उत्तर संपले की थांबा. पॅनेलवरील माणसे काही लिहीत असतात, त्यामुळे चार-पाच सेकंद शांतता पसरते आणि नेमक्या त्याच वेळी घाबरलेला उमेदवार काहीतरी जोडू लागतो: आधीची नोकरी का सोडली, तेथील साहेब कसे होते, पगार किती कमी होता. न विचारलेल्या या माहितीतून पुढचे अवघड प्रश्न निघतात. हात मांडीवर ठेवा, लिहिणाऱ्याकडे पाहा आणि पुढचा प्रश्न येऊ द्या. प्रश्न नीट कळला नसेल तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करा. त्याने कोणाचे मत बिघडत नाही.

निघताना आभार माना, खुर्ची पूर्ववत सरकवा आणि गेटवरील नोंदवहीत बाहेर पडल्याची वेळ लिहून पाहुण्यांचा पास परत करा.